तांदळातला खडा

पेरू किती छाटायचा, यावर घरात एकमत नव्हतं.

हळदीच्या अडतीवर तीस वर्षं काढलेला नवरा म्हणाला,
तीस टक्के. जास्त नको, कमी नको.
कशाचे तीस, ते त्यालाही सांगता आलं नाही,
उंचीचे, पानांचे,
की गेल्या साली वटवाघळांनी खाल्लेल्या फळांचे.
शेजारच्या गोसावीबाईंना भिंतीपलीकडचं सगळं नको होतं.
पलीकडे पडलेले पेरू मात्र त्या
बिनबोभाट उचलत.
धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, बुंध्यातूनच काढा एकदाचा,
गाडी तरी लावता येईल.
मी म्हणाले, वाळकी फांदी तेवढी.

मग बिरूतात्या आले,
कवठेमहांकाळहून, सकाळच्या एसटीनं,
द्राक्षबागांची खरड छाटणी उरकून.
ज्या हातांनी एप्रिलभर दुसऱ्यांच्या वेली पार बोडक्या केल्या
त्याच हातांनी चहाची बशी अलगद धरून म्हणाले,
"द्राक्षाचं सोपं असतंय.
डोळं मोजायचं आन् कात्री मारायची.
वेलीला ठाऊक असतंय आपण कशाला आलोय.
घरचं झाड अवघड.
त्येला वाटतंय, ही आपलीच माणसं."

झाडाभोवती दोनदा फिरले.
वडाभोवती फिरतात तसे नव्हे,
बाजारात म्हैस बघतात तसे.
उगवतीकडच्या फांदीत तार रुतलेली,
तेजूची दुपटी वाळत घालायला बांधलेली.
तेजू आता नाशकात नोकरीला.
सालीनं तार गिळून वर ओठ मिटले होते.
तात्यांनी अंगठ्यानं चाचपलं.
"हितं न्हाई हात लावत. पचवलंय त्यानं."

आणि मग, पायातलं काढता काढता,
"तांदूळ हायत का घरात, निवडायचं?"
मला वाटलं, शिधा मागतायत.
"सूप घिऊन बसा बुडात.
खडा दिसाय लागला की सांगा.
तेवढं ऊन आत आलं, की बास."

बसले.
वैशाखातली दुपार, सगळं विश्रामबाग दारं लावून निजलेलं,
आणि माझ्या सुपात रेशनचा तांदूळ
सावलीनं हिरवट झालेला.
वर करवत. आधी कोरडी, मग ओली.
एक फांदी आली.
"दिसतोय?"
नाही.
दुसरी आली, आतल्या आत दुसरीवर घासणारी,
दोघींच्या अंगावर एकच जखम.
"दिसतोय का?"
नाही अजून.
तिसरीवर बुलबुलाचं मागच्या वर्षीचं घरटं होतं,
रिकामं, त्यात विणलेला
दुधाच्या पिशवीचा एक रबर.
"आता?"
दिसतोय, मी म्हणाले.
सुपात न बघताच. दिसतोय की.

वर बराच वेळ काही नाही.
मग कात्रीचा एकच, बारका आवाज
आणि माझ्या मांडीवर रुपयाएवढं ऊन पडलं.
तात्या उतरले.
खडा केवढा होता, ते त्यांनी विचारलं नाही.

कापल्या जागी मोरचुदाचा निळा लेप आम्ही दोघांनी लावला,
पोराच्या गुडघ्याला लावावा तसा, फुंकर मारत.
गोसावीबाई गच्चीवरून बघत होत्या, नाराज.
नवऱ्यानं ढीग पायानं चाळवून पाहिला.
बावीस असेल, म्हणाला. फार तर तेवीस.

रात्री भात.
तिसऱ्या घासाला तो थांबला, दाढ धरून.
खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला,
मिठाच्या शेजारी.
तुरीच्या डाळीएवढा तरी होता.
कुणी काही बोललं नाही.

हात धुवायला अंगणात आले.
झाडातून पाण्याच्या टाकीवरचा लाल दिवा दिसत होता,
इतकी वर्षं इथं राहून
मला तो माहीतच नव्हता.
नखात निळं अडकलेलं, निघेना.

अजून एक फांदी निघायला हवी होती.
कोणती, ते मला दुपारीच दिसलं होतं.